घरोघरचीं दुखणीं : काकूंचे गुडघे आणि आमची माया

गुडघेदुखीवर कोणतें तेल चांगलें, एरंडाचें कीं निर्गुडीचें, अशी विचारणा करणारें पत्र आलें नाहीं असा महिना या सदराच्या आठवणींत नाहीं. तेलाचें मी सांगणार आहें. पण अखेरीस, आणि तेंहि चार वाक्यांत. कारण ज्या घरांतून हीं पत्रें येतात त्या घरांत तेलाची वाण नसते. उणीव असते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि आमच्या स्वतःच्या घरांत ती होती हें मला फार उशिरा कळलें. म्हणून आज शास्त्राच्या आधीं घरची हकीकत सांगतें.

माझें माहेर सिरसाळ्याचें. बीड जिल्ह्यांत परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. भोंवतीं काळी जमीन, कापूस, आणि अलीकडे ऊस. तेथील आमच्या वाड्यांत थोरल्या काकूंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. काकूंनीं आज सत्तरी ओलांडली आहे. लग्न होऊन आल्यापासून पहाटे उठून आडाचें पाणी शेंदणें, चूल, सोवळें, आल्यागेल्याच्या पंक्ती, हें सर्व त्यांनीं इतक्या सहजपणें केलें कीं, त्याला कष्ट म्हणतात हें आम्हां मुलींच्या ध्यानांतच आलें नाहीं. श्रावणांतील एका सोमवारीं परळीस वैजनाथाच्या दर्शनाला जाणें हा त्यांचा नेम. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें तें देऊळ उंचावर आहे. रुंद पायऱ्या चढून जावें लागतें. काकू त्या पायऱ्या आमच्या पुढें चढत आणि वर पोंचून, आम्ही धापा टाकीत येईपर्यंत, बेलाचीं पानें निवडीत बसत.

सहा वर्षांपूर्वीं त्यांचे गुडघे दुखूं लागले. प्रथम उठतां-बसतांना, मग चालतांना. त्यांना घेऊन मी एका मोठ्या गांवीं डॉक्टरांकडे गेलें. क्ष-किरणांचें चित्र उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "हाडावर हाड घासतें आहे. गाडीचे टायर झिजले म्हणजे गाडी जपूनच वापरायची. खालीं बसायचें नाहीं, पायऱ्या चढायच्या नाहींत, ओझें उचलायचें नाहीं." काकू परत येतांना एक शब्द बोलल्या नाहींत. बोललें तें मीच. वाड्यांत पाऊल टाकतांच मीं सर्वांना एकत्र बोलाविलें आणि ताकीद दिली कीं, आजपासून काकूंना जागचें हलूं द्यायचें नाहीं.

घरानें माझी आज्ञा तंतोतंत पाळली. वहिनींनीं स्वयंपाकघर घेतलें, दादांनीं देवपूजा घेतली, नातवंडांनीं पाण्याचा तांब्या हातांत नेऊन द्यावयाचा असें ठरलें. काकूंची खाट माजघरांतून ओसरीवर आणली. जो येई तो प्रथम विचारी, "काकू, गुडघे कसे आहेत?" आमच्या मायेंत कोणी खोट काढूं शकला नसता.

दोन वर्षांनीं काकूंना खाटेपासून तुळशीपर्यंत जाण्यास दोघांचे हात लागूं लागले. मांड्या गळाल्या, अंग मात्र सुटलें. झोंप गेली. हळदीकुंकवाला जाणें बंद झालें, शेजारच्या वाड्यांतील पोथीला जाणें बंद झालें, आणि श्रावणाचा विषय निघाला कीं त्या भिंतीकडे तोंड फिरवीत. एका रात्रीं मी त्यांच्या उशाशीं बसलें होतें. त्या हलकेच म्हणाल्या, "अगं, मोडकें जातें कोणी फेकून देत नाहीं. कोपऱ्यांत ठेवतात, सणावारीं पुसतात. तसें ठेवलें आहे तुम्हीं मला."

त्यानंतर पुण्यास, व्यायामोपचार जाणणाऱ्या एका बाईंपुढें मीं काकूंची सर्व कहाणी सांगितली. त्यांनीं ना चित्र मागितलें, ना औषधांची यादी. त्यांनीं विचारलें, "घरांत त्या कोणतें काम करतात?" मीं अभिमानानें उत्तर दिलें, "कांहीं नाहीं." बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या पाहण्याचा अर्थ शोधण्यासाठीं पुढें मीं जें वाचलें त्यांतील थोडें वाचकांपुढें ठेवतें.

उतारवयांतील गुडघेदुखी बहुधा ज्या विकारानें होते त्यांत हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा ठिकठिकाणीं विरते, कडेला हाडाचे कंगोरे वाढतात, सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि मांडीचे स्नायु दुबळे होतात. चरकसंहितेंत संधिगत वाताचें वर्णन आहे. असा सांधा वाऱ्यानें भरलेल्या पखालीसारखा हाताला लागतो आणि आंखडतां-पसरतांना दुखतो असें तेथें म्हटलें आहे. हें झालें शरीराचें. पण टायरची उपमा दोन ठिकाणीं फसते. पहिलें असें कीं, टायर निर्जीव आहे आणि कूर्चा सजीव. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहींत. सांधा हलला, दाबला गेला, सुटला, म्हणजेच सांध्यांतील द्रव तिच्यांत शिरतो आणि तिचें पोषण होतें. खाटेवर ठेवलेला गुडघा जपला जात नाहीं, तो उपाशी राहतो. दुसरें असें कीं, चित्रांतील झीज आणि प्रत्यक्षांतील वेदना यांचें प्रमाण जुळत नाहीं. चित्रांत सांधा पार बिघडलेला दिसावा आणि माणूस शेतावर हिंडत असावा, किंवा चित्रांत थोडकी झीज असावी आणि माणसानें अंथरूण धरावें, हें सांध्यांच्या वैद्यांना नित्य दिसतें.

मग मधला फरक कोठून येतो? मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मांडलें कीं, वेदनेचा निरोप गुडघ्यापासून मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोंचत नाहीं. पाठीच्या कण्यांत जणूं एक दार आहे आणि तें किती उघडावें हें मेंदूकडून येणाऱ्या हुकमांवरहि अवलंबून असतें. त्या कल्पनेचे बारीक तपशील पुढें बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. भीति, जागरण, खिन्नता यांनीं दार सताड उघडतें. गुंतलेलें मन, स्पर्श, विश्वास यांनीं तें कांहींसें मिटतें.

याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील आहे. डॉ. मोसली आणि त्यांचे सहकारी यांनीं तो २००२ सालीं प्रसिद्ध केला. गुडघेदुखीचे १८० रुग्ण निवडले. कांहींच्या सांध्यांत दुर्बीण घालून आंतील खरबरीत भाग साफ केला. कांहींचा सांधा नुसता धुतला. आणि उरलेल्यांच्या कातडीवर फक्त छेद देऊन टांके घातले, आंत कांहींच केलें नाहीं. आपल्या वांट्याला काय आलें हें रुग्णांना माहीत नव्हतें. दोन वर्षें त्यांची विचारपूस केली. खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांहून कोणत्याहि वेळीं अधिक सुखी आढळले नाहींत. हें वाचून कोणी घरांतील वृद्धांना "तुमचें दुखणें मनाचें आहे" असें सुनावील तर तो मोठा अन्याय होईल. दुखणें गुडघ्याचेंच आहे. तें किती जागा व्यापील हें मात्र एकटा गुडघा ठरवीत नाहीं.

कॅनडांतील सलिव्हन या मानसशास्त्रज्ञानें १९९५ सालीं एक छोटी प्रश्नावली सिद्ध केली. वेदनेंत माणूस वाईटाचीच कल्पना किती करीत बसतो हें तीवरून कळतें. त्यानें या सवयीचे तीन धागे सांगितले आहेत : त्याच त्या दुखण्याचें चिंतन, त्याला फुगवून पाहणें, आणि आपल्या हातीं कांहीं उरलें नाहीं असें वाटणें. मीं तें वाचलें तेव्हां मला काकूंचींच वाक्यें ऐकूं आलीं. "रात्रभर तेंच डोक्यांत घोळतें." "एक दिवस गुडघा मोडून मी पडेन." "आतां माझ्या हातीं काय राहिलें?" पहिलीं दोन त्यांचीं स्वतःचीं होतीं. तिसरें मात्र आम्हीं त्यांना शिकविलें होतें.

हा कबुलीजबाब उगाच नाहीं. सिॲटलच्या फोर्डाइस यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत जुनाट वेदनेसंबंधीं एक अप्रिय गोष्ट मांडली आहे. कण्हलें कीं माणसें धांवून येतात, उठूं लागलें कीं "बसा, बसा" म्हणतात, आणि कोणी आपणहून चार पावलें चालला तर तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. अशा घरांत कण्हणें वाढतें आणि चालणें आटतें. यांत रुग्णाचें ढोंग नसतें. त्याला स्वतःला तें कळतहि नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत तर धांवून येणारे हात दोन नसतात, वीस असतात. जें आपलें भूषण तेंच येथें घात करतें. वीस माणसांनीं एका माणसाचें काम वांटून घेतलें म्हणजे त्याच्या वांट्याला फक्त गुडघा उरतो.

स्टॅनफर्ड येथें केट लोरिग या बाईंनीं सांधेदुखीच्या रोग्यांसाठीं स्वतःची काळजी स्वतः घेण्याचे वर्ग चालविले. शिकविणारे पुष्कळदां स्वतःच सांधेदुखीचे रोगी असत. शिकणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या. पण कोण किती व्यायाम करतो याच्याशीं ती सुधारणा नीटशी जुळेना, असें १९८९ सालच्या त्यांच्या लेखांत नमूद आहे. जुळली ती दुसऱ्याच गोष्टीशीं : आपल्या दुखण्यावर आपला कांहीं अंमल चालतो, हा विश्वास ज्यांना आला त्यांना अधिक बरें वाटलें. याच सुमारास कीफ यांनीं गुडघ्याच्या वृद्ध रोग्यांना दहा आठवडे वेदनेशीं वागण्याची रीत शिकवून पाहिली. शिथिलीकरण, मन दुसरीकडे वळविणें, कामाचे तुकडे पाडणें, अशा साध्या गोष्टी. केवळ माहिती ऐकलेल्या रोग्यांपेक्षां या मंडळींचें दुखणें अधिक उतरलें. १९९६ सालीं त्यांनीं रोग्यांच्या पतीला किंवा पत्नीलाहि शेजारीं बसवून शिकविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. घरच्या माणसालाहि शिकवावें लागतें, हें मला त्यांतून उमगलें. आपल्याकडे तर चरकानें चिकित्सेच्या तीन प्रकारांत सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणें, हा स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. काढ्यांच्या यादींत आम्ही तेवढें पान उलटून पुढें जातों.

दिवाळीला मी सिरसाळ्यास गेलें ती हें सर्व मनांत घेऊन. काकूंना कामें परत द्यावींत असें मीं ओसरीवर सुचविलें तेव्हां पहिला विरोध वहिनींनीं केला. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. "वन्सं, तुम्ही चार दिवसांनीं पुण्यास जाल. सत्तरीच्या सासूला सुनेनें कामाला जुंपलें असें गांव म्हणेल, तें मला ऐकावें लागेल." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. उत्तर खाटेवरून आलें. काकू म्हणाल्या, "काम नको देऊस. माझी देवपूजा तेवढी मला परत दे."

पण पूजा करायची म्हणजे पाटावर मांडी घालून. खुर्चीवर बसून देवाला हात लावणें त्यांच्या मनाला पटेना. गुरुजींना बोलावणें धाडलें. गुरुजी वयानें काकूंच्याच बरोबरीचे. त्यांनीं प्रश्न ऐकला आणि हंसून म्हणाले, "काकू, मीच दोन वर्षें झालीं, स्टुलावर बसून रुद्र म्हणतों. यजमानांच्या लक्षांत येऊं नये म्हणून उपरणें पसरून बसतों इतकेंच." दुसऱ्या दिवशीं देव चौरंगासह उंच मेजावर गेले आणि काकू खुर्चीवर.

येथून पुढचा क्रम सावकाश झाला. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावयाचा आणि तेरा अक्षरी रामनाम एकदां म्हणून होईपर्यंत तसाच धरून ठेवावयाचा, मग दुसरा. मांडीच्या स्नायूंस हा व्यायाम चांगला, आणि काकूंना तो जपासारखा वाटला म्हणून टिकला. चालण्याचें माप दुखण्यावर न ठेवतां अंतरावर ठेवलें. पूर्वीं त्या एखाद्या बऱ्या दिवशीं उत्साहानें फार चालत आणि मग दोन दिवस निजून राहत. ही चूक फार जणांची होते. आतां पहिला आठवडा तुळशीपर्यंत, बरें वाटलें तरी पुढें नाहीं आणि थोडें दुखलें तरी मागें नाहीं. मग दिंडीदरवाज्यापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. धाकट्या नातवानें पाटीवर त्याचा हिशोब ठेवला. काकू त्याच्या बेरजा तपासूं लागल्या आणि त्यांतून त्याचें गणित घेऊं लागल्या.

काठी घेण्यास मात्र त्या महिनाभर तयार झाल्या नाहींत. "काठी हातांत आली कीं गांव म्हणेल, काकू आटोपल्या." माझ्या अनुभवानें काठीचा अडसर गुडघ्याला नसतो, तो अभिमानाला असतो, आणि त्या अभिमानाची थट्टा करूं नये. शेवटीं काकांची जुनी शिसवी काठी निघाली; ती त्यांनीं घेतली. काठी धरावयाची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत. पुष्कळ माणसें उलट करतात.

घरच्यांसाठीं एकच नियम केला : आल्याबरोबर गुडघ्यांची चौकशी नाहीं. आज पोथींत काय झालें, लोणच्याला मीठ किती घालूं, असें विचारावें. सर्वांत अवघड गेलें तें मला. आणि ज्या दिवशीं खरोखर सूज असे त्या दिवशीं हा नियम बाजूला ठेवून अर्धा दिवस विश्रांति, शेक, आणि त्यांचें बोलणें निमूटपणें ऐकून घेणें. एकदां त्या गेलेल्या दोन श्रावणांसाठीं रडल्या. तेव्हां वहिनींनीं समजूत न घालतां जवळ बसून राहण्याचें शहाणपण दाखविलें. माझ्याकडून तें झालें नसतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आमच्या वाड्यांत भांडीं घासणाऱ्या बाईचेहि गुडघे दुखतात. दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांप्रमाणें ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडींत चढविते. तिला "बसा, बसा" म्हणणारें कोणी नाहीं. काकूंना जें औषध लागू पडलें तें तिला सांगणें म्हणजे क्रूर विनोद होईल. तिच्या गुडघ्यांना हवी आहे उसंत. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोपडा यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखालीं घरोघर पाहणी केली, तेव्हां ४०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांना, म्हणजे शंभरांत अठरांना, हाडा-सांध्यांचें किंवा स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें आढळलें. खेड्यांतील हीं दुखणीं वाड्यांच्या ओसरीवर कमी आणि शेतांत अधिक आहेत हें आपण विसरूं नये.

आतां सावधगिरीचे चार शब्द. गुडघा एकाएकीं लाल होऊन तापला व अंगांत ज्वर भरला, किंवा सकाळीं तासाहून अधिक वेळ बोटांचे लहान सांधेहि आंखडून राहूं लागले, तर तें दुखणें वेगळें असूं शकतें. आमवाताची चिकित्सा निराळी आहे. विलंब न करतां वैद्यकीय सल्ला घ्यावा. अंगानें जड असणाऱ्यांनीं वजन उतरविण्याचा खरा प्रयत्न करावा. एक किलो उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील सुमारें चार किलो भार हलका होतो असें मोजलें गेलें आहे. आणि इतकें करूनहि रात्रीची झोंप व घरांतील चालणें अशक्य झालें तर कृत्रिम सांध्याच्या शस्त्रक्रियेची भीति बाळगूं नये. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असतांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत त्यांच्या एका गुडघ्यावर २००० सालीं आणि दुसऱ्यावर २००१ सालीं अशी शस्त्रक्रिया झाली. तेव्हांपासून आमच्याकडील पुष्कळ वृद्धांनीं धीर केला. नवा सांधा बसला तरी पहिलें पाऊल भीतीलाच टाकावें लागतें, म्हणून मनाची तयारी तेथेंहि सुटत नाहीं.

तेलाचें राहिलें. जें घरांत असेल तें कोमट करून हलक्या हातानें चोळावें. तेलापेक्षां चोळणाऱ्या हाताचा स्पर्श अधिक काम करतो. एरंड कीं निर्गुडी हा वाद मी सोडवूं शकत नाहीं. चोळून झाल्यावर मात्र त्या माणसाला झोंपवूं नये, अंगणांत एक फेरी करावयास सांगावें.

काकूंचे गुडघे बरे झाले नाहींत. क्ष-किरणांचें चित्र आज काढलें तर तें पूर्वींपेक्षां वाईटच निघेल. पावसाळी हवेंत त्या अजून कण्हतात, आणि जमिनीवर मांडी घालून बसणें कायमचें गेलें. गेल्या श्रावणांतील दुसऱ्या सोमवारीं आम्ही परळीस गेलों. पायऱ्यांच्या तळाशीं मी त्यांचा दंड धरूं लागलें, त्यांनीं तो सोडविला. काठी एका हातांत, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर, अशा त्या चढल्या. मधें तीन वेळां बसल्या. तिसऱ्या वेळीं माझ्यानें राहवलें नाहीं आणि नियम मोडून मीं विचारलें, "काकू, गुडघे?"

त्या म्हणाल्या, "तें उद्यां विचार. बेलाची पिशवी कोणाजवळ आहे तें आधीं सांग."